बोटभर हवा

“पाणी तपासणार नाहीत ना?” चंपाकाकूने पुन्हा विचारले.

“नाही गं काकू. पाण्याला कुणी हातसुद्धा लावणार नाही. पाण्याच्या वर बोटभर मोकळी जागा असते ना, तिथली हवा तेवढी घेणार. तीही मोहरीएवढी.”

“आणि गडूच्या तोंडावरचा डाख?”

“डाख आहे तसाच राहील. केसापेक्षा बारीक भोक पाडतात, हवा ओढून घेतात, भोक बुजवतात. कुठं पाडलं होतं ते शोधूनही सापडायचं नाही तुला.”

काकू खाटेवर उशीला टेकून बसली होती. नव्वदी गाठलेली, अंगाने चिपाडासारखी झालेली, पण नाक आणि जीभ अजून शाबूत. तिने आधी देवघराकडे पाहिले, मग भालचंद्रकडे. सत्तरी ओलांडलेला हा पुतण्या तिच्यासमोर उभा राहिला की सहलीची परवानगी मागायला आलेल्या पोरासारखा दिसे.

“मग ने,” ती शेवटी म्हणाली. “हवेला काय, तोंड थोडंच असतं?”

भालचंद्र हसला. ती असे का म्हणाली, हे त्याला तेव्हा कळले नाही.

दिवट्यांच्या त्या गडूची हकिकत येवल्यातल्या विणकरांच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होती. भालचंद्रचे आजोबा तात्या तरुणपणी, १९२७ साली, आपल्या आईला घेऊन काशीला गेले होते. तिथे गंगेचे पाणी भरून, तोंडावर तांब्याची चकती बसवून आणि कथलाचा डाख देऊन कायमचा बंद केलेला हा मुठीएवढा गडू ते घेऊन आले. असे गडू पूर्वी बऱ्याच घरांत असत. ते वापरायचे नसतात. घरातले कुणी जायला निघाले की डाख फोडायचा आणि पाण्याचे दोन थेंब तोंडात घालायचे, एवढ्यासाठीच ते.

दिवट्यांचा गडू मात्र कधी फोडला गेला नाही. तात्यांचा शेवट जवळ आला तेव्हा त्यांनीच तो नको म्हटले. ज्याने आणला त्याने मागितला नाही, मग आपण कोणत्या तोंडाने मागायचा, असे म्हणून आजीने तो पुढच्यासाठी ठेवला. आजीनंतर वडिलांनी, काकांनी, आईनेही तेच केले. आता त्या पिढीतली चंपाकाकू एकटीच उरली होती. तिला मूलबाळ नव्हते. भालचंद्र तिच्याच मांडीवर वाढला होता. आईच्या तेराव्याला त्याने काकूला शब्द दिला होता, “हा गडू आता तुझा. तुझ्या वेळेला मी माझ्या हाताने उघडीन.” त्यावर काकू एवढेच म्हणाली होती, “बघू. पण मी आहे तोवर कुणी हात लावायचा नाही त्याला.”

आणि आता तोच भालचंद्र तिच्याकडे गडूतली हवा मागत होता.

ही सगळी धांदल झाली ती वातवाचक नावाच्या यंत्रामुळे. गेली काही वर्षे जगभर एकच वाद पेटला होता. तापत चाललेली पृथ्वी थोडी निवावी म्हणून वर, स्थितांबरात, बारीक कण फवारून ऊन मंद करावे का? करायचे तर त्याआधी हवेचा स्वभाव नीट ओळखायला हवा. मोटारी आणि कारखाने वाढण्यापूर्वी ती स्वतःला किती वेगाने धुऊन काढत होती, ते समजायला हवे. ध्रुवांकडच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे सापडतात. पण ती तिकडची हवा, आणि बर्फ घट्ट होईपर्यंत अनेक वर्षांची एकमेकांत मिसळून गेलेली. आपल्यासारख्या उष्ण मुलखातली, एका ठरावीक दिवशी कोंडलेली जुनी हवा कुणाकडेच नव्हती. वातवाचकाला मोहरीएवढी हवा पुरत असे. तिच्यातले रेणू तो जवळजवळ एकेक करून मोजायचा आणि ती हवा कोणत्या साली, कधीकधी तर कोणत्या ऋतूत बंद झाली, ते सांगायचा.

मग काय, लोकांनी माळे उपसले. कुणी आजोबांचा वायुभारमापक आणला, कुणी न उघडलेली अत्तराची कुपी. शंभर वर्षांचे म्हणून विकलेले अत्तर परवाचे निघाले आणि दोन दुकानांना टाळे लागले. कोल्हापूरकडच्या एका गवंड्याने वडिलांची पाणसळ आणली होती. तिच्या काचेत अडकलेला तो इवलासा बुडबुडा त्यांच्या तरुणपणातल्या हवेचा निघाला, तेव्हा म्हणे तो माणूस यंत्राला हात जोडून निघून गेला. मग कुणाला तरी गंगेचे गडू आठवले. डाख देताना तांबट पाण्यावर बोटभर जागा हटकून सोडतो, नाहीतर पाण्याची वाफ होऊन डाख उसळतो. त्या बोटभर जागेत काशीची जुनी हवा आयती बंद होऊन घराघरांतल्या देव्हाऱ्यांत बसली होती.

वातवाचक चालवणाऱ्या संस्थेची फिरती प्रयोगशाळा येवल्याला आली आणि शाळेच्या मैदानात उभी राहिली. भालचंद्र गडू धोतराच्या पानात गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन गेला. गाडीत डॉ. शाल्मली गव्हाणे नावाची तरुण संशोधक होती. तिने गडू फिरवून पाहिला आणि तिचे डोळे चमकले.

“सत्तावीस साल! दिवटेकाका, डाख टिकला असेल ना, तर आमच्याकडची ही सगळ्यात जुनी हवा ठरेल.”

“पण तांब्यानं आतला ऑक्सिजन खाल्ला असेल,” भालचंद्र चाचरत म्हणाला. “हिरवं पडलंय बघा काठाशी.”

“खाऊ दे. ऑक्सिजन शंभरात एकवीस भागच. नायट्रोजन अठ्ठ्याहत्तर भाग, तो शांत बसतो. उरलेल्या एका भागातला बहुतेक आरगॉन, तो तर कुणाशी बोलतच नाही. आम्हाला हव्यात त्याहूनही विरळ गोष्टी. तुम्ही हवामान खात्यात होतात का?”

“फुगे सोडायचो,” तो म्हणाला. “एवढंच.”

एवढेच होते खरे, पण ते त्याने उभा जन्म केले होते. रोज पहाटे हायड्रोजन भरलेला फुगा, त्याखाली लोंबणारी यंत्राची डबी. ती वर जाताजाता तापमान, दाब, ओल कळवत राही. आधी तपांबर. आपले ढग, पाऊस, वारा, सगळा संसार याच थरात. वर जावे तसा गारठा वाढत जातो. आपल्या भागात सोळा-सतरा किलोमीटरवर तर असा, की तिथल्यापुढे हिमालय उबदार वाटावा. मग कागदावरची रेघ एकाएकी वळायची. स्थितांबर लागले की ऊब परत चढू लागायची. तीस किलोमीटर ओलांडता ओलांडता फुगा फुटायचा. हवेच्या वस्तुमानाचे शंभरापैकी नव्व्याण्णव भाग तोवर खाली राहून गेलेले असायचे. त्यापलीकडचे थर, जिथे उल्का जळतात ते मध्यांबर, जिथे ध्रुवांकडचे रंगीत प्रकाश खेळतात ते उष्मांबर, आणि मग पृथ्वीची हद्द कुठे संपते ते न कळणारे बाह्यांबर, हे त्याने फक्त पुस्तकात वाचले होते.

एकदा त्याने हे काकूला सांगितले होते. “वर गेल्यावर पुन्हा ऊब? ती कशी?” तिने विचारले होते.

“तिथं ओझोन असतो. सूर्याचे जहाल किरण तो स्वतःच्या अंगावर झेलतो, म्हणून तापतो. सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर पसरला ना, तर दोन नाण्यांच्या जाडीचासुद्धा थर व्हायचा नाही. तेवढ्यानं आपण जगतो.”

“म्हणजे घरातल्या मोठ्या सुनेसारखा,” काकू म्हणाली होती. “दिसत नाही, पण सगळं अंगावर घेते.” ती हे भालचंद्रच्या आईबद्दल बोलत होती.

यंत्राने हवा ओढून घेतली, भोक बुजवले, गडू परत दिला. भालचंद्रने तो देवघरात जागेवर ठेवला. काकू त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

शाल्मलीचा फोन चार-सहा दिवसांनी आला. भालचंद्र गच्चीत पापड उन्हात सरकवत होता.

“काका, एक सांगायचंय. गडू सत्तावीस सालचा नाही.”

“काशीच्या तांबटानं फसवलं म्हणता?”

“गडू असेल तेव्हाचा. आतली हवा नाही. बहात्तरचा शेवट किंवा त्र्याहत्तरची सुरुवात. त्यात आम्हाला फ्रिजचा वायू सापडला.”

“फ्रिजचा?”

“सीएफसी. हा वायू निसर्गात नव्हताच, काका. माणसानं तो एकोणीसशे तीसच्या दशकात फ्रिजसाठी बनवायला घेतला. फ्रिज गळायचे, मोडीत निघायचे, वायू हवेत जायचा. सत्तावीसच्या हवेत त्याचा एक रेणू सापडता कामा नये. या हवेत एक लाख कोटी रेणूंमागे दीडशेच्या आसपास आहेत. दरवर्षी तो आकडा चढत गेला, आणि कोणत्या वर्षी किती होता ते आपल्याला माहीत आहे. शिवाय अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला, मग उतरत गेला. तोही याच वर्षावर बोट ठेवतो.”

“पण येवल्यात तेव्हा कुणाकडे फ्रिज नव्हता हो,” भालचंद्र म्हणाला. म्हणता म्हणता त्यालाच ते उत्तर किती पोरकट आहे ते कळले. हवेला शीव नसते हे त्याने जन्मभर पाहिले होते. अमेरिकेत फ्रिज गळला तर तिथला वायू काही आठवड्यांत सगळ्या उत्तर गोलार्धावर पसरतो.

“मग गडू गळत असेल,” तो म्हणाला.

“गळत असता तर त्यात आजची हवा मिसळली असती. ही सगळी एकाच वेळची आहे. कुणीतरी तो उघडला, आणि पुन्हा नीट बंद केला. काका, वाईट वाटून घेऊ नका. दख्खनमधली त्या सालची हवा आमच्याकडे नाहीच. नमुना कामाचा आहे.”

भालचंद्र खाली आला. काकू झोपली होती. सकाळीच डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थकले आहे, आता जपून न्यायचे, एवढेच ते म्हणाले होते. त्याने स्वयंपाकघरात बायकोला सगळे सांगितले.

निर्मलाने कणकेचा हात तसाच ठेवून ऐकले. “म्हणजे तात्यांच्या गडूत गंगा नाहीच? कुणी केलं असेल हो हे?”

“कुणी का केलेलं असेना. ती सगळी माणसं गेली. प्रश्न काकूचा आहे. मी तिला शब्द दिलाय. तिच्या शेवटच्या घटकेला मी तिच्या तोंडात कुठलं कोण जाणे ते पाणी घालू?”

“मग सांगून टाका.”

“या अवस्थेत? इतकी वर्षं जपलंय तिनं ते.”

“सांगायचंही नाही, घालायचंही नाही. मग करायचं काय?”

भालचंद्रने खाली पाहत सांगितले, “हल्ली पोस्टातून गंगाजळ मागवता येतं.”

निर्मलाने कणीक बाजूला सारली. “अहो, तुम्ही गडू उघडून पाणी बदलणार? आणि परत डाख देणार?”

“तीस वर्षं यंत्रांच्या तारा जोडल्यात मी.”

“तारा जोडल्यात. नळ गळायला लागला तर प्लंबर बोलावता.”

बाटली आली. भालचंद्रने बोहरी आळीतून कथील आणि नवसागराची वडी आणली. दुपारी काकू जेवून झोपली, तेव्हा त्याने गडू उचलून मागच्या पडवीत नेला. आपण चोरी करतोय असे त्याला वाटत होते, आणि दुसरा मार्गही सुचत नव्हता. डाख वितळवायला त्याने आपली जुनी विजेची डाखणी लावली. डाख ढिम्म हलेना. तांबे सगळी उष्णता पिऊन टाकत होते. त्याने नवसागर चोळला, पुन्हा डाखणी टेकवली. एका कडेला डाख जरा सुटला, पण उठलेला पांढरा धूर घशात जाऊन भालचंद्र खोकू लागला.

“भाल्या!” आतून हाक आली. आवाज बारीक होता, पण ठणठणीत. “नवसागराचा वास येतोय. गडू उघडतोयस का तू?”

त्याने डाखणीची तार ओढून काढली. निर्मला दारात आली आणि तिने डोळ्यांनीच विचारले, आता?

“इकडे आण तो,” काकू म्हणाली. “तेवढ्याशा काडीनं तांबं तापतं होय? कोळसे लागतात, भाता लागतो. तो कल्हईवाला भाता मारून मारून घामाघूम झाला होता.”

भालचंद्र गडू घेऊन खाटेपाशी आला. त्याच्या बोटांना काजळी लागली होती.

“कुठला कल्हईवाला, काकू?”

“मंगळवारच्या बाजारात बसायचा तो. दुष्काळाच्या साली.” तिने त्याच्याकडे बारकाईने पाहिले. “हवेनं सांगितलं वाटतं?”

“सांगितलं.”

“बघ,” काकू म्हणाली, आणि चक्क हसली. “मी म्हटलं, हवेला तोंड नसतं.”

मग तिने सांगितले. ती नुकतीच लग्न होऊन आलेली, विशीची पोर. माग बंद पडले होते, रेशीम घ्यायला कुणी नव्हते. भालचंद्रची आई, वडील, काका सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. पैठणी विणणारी बोटे फोडांनी भरलेली. घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी. आजी दिवसभर टँकरच्या रांगेत. घरी ती, ओट्यावर बसून असणारे तात्या, आणि जेमतेम रांगू लागलेला भालचंद्र.

“तुला हगवण लागली. टँकरचं पाणी, दुसरं काय. आळीत दोन पोरं गेली होती त्यातच. अन् तेव्हा सगळे सांगायचे, हगवणीच्या पोराला पाणी द्यायचं नाही, दिलं की आणखी वाहतं. तुझ्या आईनं जाताना मला बजावलं होतं, चंपा, कितीही रडला तरी पाणी देऊ नको. नाही दिलं मी. तू रडायचा थांबलास. टाळू खाली गेली. डोळे वर गेले. मला वाटलं, झालं आता. घरात बाईमाणूस कुणी नाही. मी काय करणार होते? शेवटचं म्हणून गडू काढला. अडकित्त्यानं डाख फोडला अन् चमच्यानं तुझ्या तोंडात दोन थेंब घातले.”

“मग?”

“मग तू जीभ बाहेर काढलीस.” तिने स्वतःची जीभ किंचित बाहेर काढून दाखवली. “आणखी पाहिजे म्हणून. मी दिलं. तू परत काढलीस. मी म्हटलं, जायचंच आहे पोराला, तर तहानलेलं तरी जाऊ नये. चमच्या चमच्यानं देत राहिले. दिवे लागायच्या आत गडू रिकामा झाला, अन् तू मुतलास माझ्या लुगड्यावर. तेव्हा मला रडू आलं.”

निर्मलाने पदर डोळ्यांना लावला.

भालचंद्रच्या डोक्यात मात्र एकामागून एक गोष्टी जुळत होत्या. तो मरत होता तो हगवणीने नव्हे, अंगातले पाणी आटल्याने. ते द्यायचे नाही असा सगळ्यांचा समज. टँकरचे दिले असते तरी रोग वाढला असता. त्या साली घरात स्वच्छ पाणी एवढेच होते. तांब्यात जंतू टिकत नाहीत, आणि बाहेरची हवा त्याला लागलेली नव्हती. मरणाऱ्यासाठी म्हणून कोंडून ठेवलेले ते पाणी तिने मरणाऱ्यालाच दिले, रीत म्हणून दिले, आणि नेमके तेच औषध ठरले. आजवर आपण आपलेच जगलो असे तो समजत आला होता. लाजाळू माणूस, कुणाचे फारसे काही घेतले नाही, दिले नाही. आणि इथे तर त्याच्या आयुष्यातली प्रत्येक पहाट, आकाशात सोडलेला प्रत्येक फुगा या बाईच्या एका चमच्यावर उभा होता.

“आणि मग टँकरचंच पाणी भरलंस?” त्याने हळूच विचारले.

“दुसरं होतं कुठं? बाजारात नेला, म्हटलं पडला, डाख सुटला. काठोकाठ भरला होता मी. कल्हईवाला म्हणाला, बाई, थोडं ओता, बोटभर जागा ठेवा, नाहीतर बसायचा नाही. ओतायला जीव होईना, तेवढं पिऊन टाकलं मी. घरी आले तर लुगड्याला नवसागराचा वास. तात्या ओट्यावर. मी जवळून गेले अन् ते दोनदा शिंकले.”

“काही म्हणाले?”

“काही नाही. हेच तर आहे ना, भाल्या.” काकूचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “काशीहून त्यांनी आणलेलं पाणी. त्यांच्याच शेवटासाठी. मी कधी सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांनी त्यांची वेळ आली. तुझी आजी गडू घेऊन आली. मला दरदरून घाम. आता हे टँकरचं पाणी त्यांच्या तोंडात जाणार. तेवढ्यात त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, तो राहू दे. मला माठातलं द्या. चंपे, तुझ्या हातचं. मी दिलं. ते गेले. त्यांना कळलं होतं की नव्हतं? वास ओळखला होता की उगाच शिंकले? जन्मभर मी हेच विचारत आले स्वतःला.”

भालचंद्रला जन्मभर मोजमापे कळवण्याची सवय होती. नक्की माहीत नसेल ते बोलायचे नाही, हाही त्याच सवयीचा भाग. तरी तो म्हणाला, “काकू, घरात एवढे हात असताना त्यांनी तुझ्याच हातचं पाणी मागितलं.”

काकूने डोळे मिटले. “हं,” ती म्हणाली. “असं कधी मोजलं नव्हतं मी.”

“आता मी काय करू?” त्याने गडू दाखवला. “गंगाजळ आणलंय. पोस्टातून.”

“पोस्टातून?” काकूने डोळे उघडले. “त्यावर तिकीट लावून आली का गंगा?”

निर्मला खुदकन हसली, मग भालचंद्र हसला, मग काकू इतकी हसली की तिला धाप लागली आणि दोघांनी मिळून तिला उशीवर सरळ केले.

“ती बाटली तुळशीला घाल,” ती म्हणाली. “अन् त्या पोरीला काय सांगणार आहेस तू? ती गाडीवाली?”

“खरं तेच. नमुन्याबरोबर ज्यानं हवा बंद केली त्याचं नाव लिहितात. चंपाबाई दिवटे, येवला, दुष्काळाचं साल.”

“माझं नाव? हवेवर?” तिला ते पटायला वेळ लागला. “माझी हवा घेऊन करतील काय ते?”

“वरच्या थरांचं गणित करतील. तो फ्रिजचा वायू वर स्थितांबरात चढायचा आणि तिथं फुटून ओझोन खायचा. मोठ्या सुनेला आपण खाली बसून पोखरत होतो, काकू, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. मग कळलं, आणि सगळ्या देशांनी मिळून तो वायू बंद केला. आता ओझोन पुष्कळसा भरून येत चाललाय. तो वायू तेव्हा किती होता आणि आता किती उतरला, ते तुझ्या गडूवरून पडताळता येईल.”

“सगळ्यांनी मिळून बंद केला?”

“हो.”

“मग बरी आहेत की माणसं,” काकू म्हणाली आणि झोपी गेली.

भालचंद्रने शाल्मलीला सगळे कळवले. तिने उत्तरात फक्त नोंदीचे छायाचित्र पाठवले. खाली काकूचे नाव होते. त्याने ते काकूला दाखवले. तिने चष्मा मागितला, नाव वाचले, आणि आल्यागेल्याला ते दाखवायला लावले. दूधवाल्यालासुद्धा.

त्यानंतरचे दिवस हलके गेले. काकूला हव्या त्या गोष्टी ती सांगायची आणि भालचंद्र ऐकायचा. डाख अर्धवट सुटलेला गडू देवघरात तसाच राहिला. तो कुणी बंद केला नाही. चकतीच्या फटीतून या घराची हवा, धूप, फोडणी आणि पावडरचा वास असलेली, त्याच्यात सावकाश जात-येत असणार, असे भालचंद्रला वाटे, आणि का कोण जाणे, बरे वाटे.

ती वेळ आली तेव्हा पहाट होती. फुगा सोडायची, अशीच एखादी. काकूचा श्वास रात्रीपासून बदलला होता. निर्मलाने खिडकी उघडली. भालचंद्रने सवयीने आधी आभाळाकडे पाहिले. स्वच्छ होते.

तो देवघराकडे वळला, तशी काकूची बोटे हलली. तो खाली वाकला.

“तो राहू दे,” ती म्हणाली. शब्द नीट उमटत नव्हते, पण त्याला पुढचे आधीच माहीत होते. “माठातलं दे. तुझ्या हातचं.”

त्याने माठातले पाणी वाटीत घेतले. तिच्या डोक्याखाली हात घालून ते जरा वर केले आणि चमच्याने दोन थेंब ओठांत सोडले. ते आत गेले. तिचे डोळे मिटलेलेच होते.

मग तिची जीभ किंचित बाहेर आली.

त्याने चमचा पुन्हा भरला.